जनावर आधी की जमीन आधी? कोकणातली जनावरं रंगवणाऱ्यांसाठी धागा

खाजणकाठ (धागाकर्ता)

जलरंगात किंवा ॲक्रिलिकमध्ये जनावरं रंगवणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. कोकणातली चित्रं बघताना एक खोड हमखास दिसते. म्हैस, बैल, बगळा हातखंडा काढलेला असतो, पण तो चित्रात उभा वाटत नाही, कापून डकवल्यासारखा दिसतो. दोष बहुतेक वेळा शरीररचनेचा नसतो, क्रमाचा असतो. फोटोवरून जनावर आधी पूर्ण करायचं, मग उरलेल्या जागेत दोन माड, एक होडी आणि समुद्राची पट्टी कोंबायची. अशाने जनावराभोवती सगळीकडे सारखीच धारदार कड राहते आणि तिथेच चित्र फसतं.

म्हशीचं उदाहरण घेऊ. कागद ११ × १५ इंच, ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस्ड. रंगाला हात लावण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त तीन टोनांत (उजळ-गडदपणाच्या पायऱ्यांत) आराखडा करा. दहाची पट्टी धरली (१ म्हणजे काळा, १० म्हणजे कोरा कागद) तर साधारण हिशेब असा: सुकी वाळू ७ ते ८, ओली वाळू ५, सुका जांभा ५, पावसात भिजलेला जांभा ३ ते ४, म्हशीची सावलीतली कूस २. आणि आभाळाचा उजेड घेतलेली तिची पाठ? तीसुद्धा ५. म्हणजे मागे सुका जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) असेल तर पाठ आणि गडगा एकाच टोनचे. मग तिथे कड काढायचीच कशाला? ती विरघळू द्या. पोटाखाली, शिंगाच्या टोकाशी, नाकपुडीपाशी कड ठेवा. तेवढ्यावर डोळा म्हैस पुरी करतो.

रंगवायचा क्रम: पहिला पातळ वॉश (पाण्यात विरघळवलेल्या रंगाचा हात) यलो ओकर आणि किंचित लाइट रेडचा, अख्ख्या कागदावर, म्हशीच्या अंगावरूनसुद्धा. कागदावरची चमक उतरायला लागली की पाठ आणि मागची जमीन एकदमच भरा. या वेळी ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. अर्धवट ओल्या वॉशमध्ये जास्त ओला ब्रश टेकवला की आतलं पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि फुलकोबीसारखे डाग पडतात, आणि ते नेमके पाठीवर पडतात. शेवटी पायांचा खालचा भाग आणि जमिनीवरची सावली एकाच ब्रशने, ब्रश न उचलता. खूर वेगळा आणि सावली वेगळी रंगवली की म्हैस अधांतरी दिसलीच म्हणून समजा.

बाकीच्यांनी भर घाला.

तांबडी_वाट

क्रम पटला. म्हशीच्या रंगाबद्दल थोडं.

ट्यूबमधला काळा तांबड्या मातीशेजारी लावला की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) जवळपास समप्रमाणात घ्या. पाठीकडे अल्ट्रामरीन वाढवायचा, कारण तिथे आभाळ पडतं. पोटाकडे बर्न्ट सिएना वाढवायचा, कारण जांभ्याच्या रस्त्यावरून तांबडा उजेड वर फेकला जातो. पोटाखालचा हा तांबूसपणा बहुतेक जण सोडून देतात आणि मग म्हैस घाटावरच्या काळ्या रानातली वाटते. अख्खं अंग एकाच मिश्रणात रंगवायचं नाही. दोन्ही रंग कागदावरच मिसळू दिले तर कातडीला जीव येतो, पॅलेटवर घोटून घोटून एकजीव केलेला करडा मेलेला असतो.

डुंबून आलेली म्हैस आणि चिखल वाळलेली म्हैस ही दोन वेगळी कामं आहेत. ओल्या कातडीवर चमक छोटी, धारदार आणि आभाळाच्या रंगाची असते. कणा, ढुंगणाची हाडं, डोळ्यावरची कमान एवढ्याच ठिकाणी. चिखल वाळला की चमक जाते, अंग उबदार करडं आणि मंद होतं. तिथे ड्राय ब्रश (जवळपास कोरडा, कमी पाण्याचा ब्रश) चालवा, पण केसांच्या दिशेने. पाण्यात बसलेली असेल तर अंग जिथे पाण्यात शिरतं तिथे एक बारीक उजळ रेघ असते आणि तिच्याखाली लगेच गडद प्रतिबिंब. ती रेघ कागद सोडूनच ठेवा. नंतर पांढऱ्या गॉशने (अपारदर्शक जलरंगाने) काढलेली रेघ खडूसारखी दिसते.

रचनेच्या दोन चुका सारख्या दिसतात. पहिली, म्हशीला गाईचं डोकं. म्हैस चालताना नाक पुढे काढून डोकं जवळपास आडवं धरते, कपाळ आणि पाठ जवळजवळ एका ओळीत येतात. शिंगं डोक्याच्या बाजूंनी निघून मागे वळतात आणि कान शिंगाखाली असतो. दुसरी चूक वशिंड. म्हशीला वशिंड नसतं हो.

कातळसडा

दोघांचंही म्हणणं बरोबर आहे, पण एक गृहीत खटकतं. जनावराला मागे काहीतरी हवंच, हे कोणी ठरवलं? आपल्याच किनारपट्टीवरची जुनी कामं बघा.

कशेळीचा कातळशिल्पातला हत्ती घ्या. राजापूर तालुक्यातल्या सड्यावर (सपाट कातळमाळावर) सुमारे १८ मीटर लांबीची आकृती. क्षितिज नाही, जमिनीची रेघ नाही, झाड नाही. जांभा हीच पार्श्वभूमी आणि जांभा हाच हत्ती, मध्ये फक्त खोदलेली रेघ. गंमत पुढे आहे. हत्तीच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राण्यांच्या कितीतरी लहान आकृत्या आहेत. म्हणजे हत्तीचं अंगच बाकीच्यांची जमीन झालंय. एवढा धीट विचार आजच्या चित्रांत क्वचित दिसतो. (कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. कृपा करून तिथे खडूने रेघा ठळक करून फोटो काढू नका.)

सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते घ्या. दहा अवतारांचे १० रंग (पत्त्यांचे गट), प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२० पानं. पानाच्या जमिनीचा रंग सजावटीसाठी नसतो, हातात पान आलं की ते कुठल्या अवताराचं हे त्यावरून कळतं. मत्स्याच्या दश्शीत (दहाच्या पानात) दहा मासे एका छोट्या वर्तुळात बसवायचे असतात. तिथे पाणी रंगवत बसलात तर मासे मोजताच येणार नाहीत. पिंगुळीच्या चित्रकथीतही (चित्रं दाखवत कथा सांगायच्या परंपरेत) घोडे आणि हत्ती जवळपास कोऱ्या कागदावरच धावतात. कथा सांगणारा शेजारी बसलेला असतो, रान कुठलं ते तो सांगतो. आणि उत्तरेला डहाणू-तलासरीकडे गेलात तर वारली भिंत: शेण आणि गेरूचं सारवण, वर तांदळाच्या पिठाचा पांढरा. बैल काढायला एक रंग पुरतो.

तेव्हा पार्श्वभूमी भरायची की नाही हा प्रश्न नंतरचा. या चित्रात जमीन काय काम करणार आहे, हे आधी ठरवायला हवं.

खाजणकाठ

कातळसडा, मान्य. फक्त कोरी जमीन सोपी असते असा कोणाचा समज होऊ नये. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्सचा १७६२ च्या सुमाराचा व्हिसलजॅकेट नावाचा घोडा बघा. जवळपास तीन मीटर उंच कॅनव्हास, मागे काहीही नाही. तरी मागच्या खुरांशी छोटीशी सावली ठेवलेली आहे. तेवढी झाकली तर घोडा हवेत. जर्मन चित्रकार ड्यूररचा १५०२ चा ससाही तसाच कोऱ्या कागदावर आहे, पण त्याची सावली पडते आणि डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब आहे. अख्खी खोली त्या डोळ्यात आली, मागे रंगवायची गरज उरली नाही. मुघल दरबारातल्या उस्ताद मन्सूरने जहांगीरसाठी १६२१ मध्ये झेब्रा रंगवला, तिथेही मागे मोकळी जमीन. जनावर अनोळखी होतं, पट्टेच बघायचे होते.

कोऱ्या जमिनीवर बाह्यरेषेची प्रत्येक चूक उघडी पडते. झाडीत लपवता येत नाही.

शाईदौत

या चर्चेत सुझन रोथेनबर्ग यायलाच हवी. अमेरिकन चित्रकार, १९७४ पासून काही वर्षं तिने घोडेच रंगवले. घोड्याची बाह्याकृती आणि मागची जमीन बऱ्याचदा एकाच रंगाची, मधून कॅनव्हासला दुभागणारी उभी रेघ किंवा आडव्यातिडव्या पट्ट्या. घोडा ओळखू येतो, पण तो पुढे आहे की भिंतीतच आहे ते ठरत नाही. तिथे घोड्याची हौस नाही. सपाट पृष्ठभाग सपाटच ठेवून त्यावर आकृती कशी आणायची हा खरा पेच आहे.

हाच पेच आपल्या मातीत सोडवून बघायचा असेल तर असा सराव करा. १८ × २४ इंचाचा कॅनव्हास, गेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात. त्यावर बर्न्ट सिएना, थोडा यलो ओकर आणि चिमूटभर पांढरा असा जांभ्याचा रंग, दोन थर, पहिला आडवा आणि दुसरा उभा. पूर्ण वाळल्यावर म्हशीची फक्त बाह्यरेषा, अर्धा इंच रुंद, गडद. आता आतला भाग तोच जांभ्याचा रंग वापरून भरा, पण थर जाड आणि ब्रशची दिशा पायांकडून पाठीकडे. बाहेरचा भाग पुन्हा आडवा. रंग तोच, फरक फक्त फटकाऱ्याचा. तिरप्या उजेडात म्हैस वर येते, समोरच्या उजेडात मागे जाते.

बिघडतं कुठे? बाहेरचा रंग रेषेच्या अगदी कडेपर्यंत नेऊन थांबवला की भिंतीवरचं स्टेन्सिल होतं. बाहेरचा रंग काही ठिकाणी रेषेवर चढू द्या, काही ठिकाणी रेषा त्याच्यावर. आणि ॲक्रिलिक पाण्याने फार पातळ करू नका, बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट घटक) अशक्त होतो आणि थर पुसला जातो. पातळ हवं असेल तर ॲक्रिलिक मीडियम (रंग नसलेला बाइंडर) घाला.

सुरूचं_बन

बगळ्याकडे वळते, कारण तिथे पार्श्वभूमीशिवाय पक्षीच नाही.

पांढरा बगळा म्हणजे न रंगवलेला कागद, म्हणून तो कशासमोर उभा आहे यावर सगळं. नुकती लावणी झालेल्या भाताच्या कुणग्यात पाणी आभाळ दाखवत असतं. टोन ८ च्या आसपास. त्यासमोर बगळा जवळपास गायब. तोच बगळा बांधासमोर किंवा म्हशीसमोर आणलात की लखकन उठतो. महिनाभराने भात दाटलं की शेत ५ वर येतं, मग कुठेही ठेवा. म्हणजे कुठल्या महिन्याचं शेत आहे हे माहीत नसेल तर बगळा कुठे ठेवायचा तेही कळणार नाही.

पांढरासुद्धा सगळा पांढरा ठेवू नका. ऊन पडलेला भाग साधारण पाव अंगाचा, तेवढाच कोरा कागद. वरची सावली निळसर, पोटाखालची हिरवट, कारण खालून भाताचा उजेड लागतो. हे दोन्ही वॉश इतके पातळ असावेत की ओले असताना जरा जास्त वाटतील. वाळल्यावर जलरंग फिका पडतो.

मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राहावा म्हणून लावायचा, नंतर सोलून काढायचा द्रव) फक्त चोच आणि पाय यांना. अंगाला लावलं की कड सगळीकडे सुरीने कापल्यासारखी येते आणि गळ्याची पिसं दिसत नाहीत. कागद पूर्ण कोरडा असतानाच लावा, दमट कागदात ते आत मुरतं आणि काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन येतं. एप्रिल-मेच्या उष्म्यात लावून दिवसेंदिवस ठेवू नका, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर तो गेला.

पक्षी कुठला ते तरी बघा. गायबगळ्याची चोच पिवळी, विणीच्या हंगामात डोकं, मान आणि पाठ तांबूस-केशरी होते. लहान बगळ्याची चोच आणि पाय काळे, पंजे पिवळे. पुळणीवर उभा असेल तर पंजे दिसतात, चिखलात असेल तर दिसायला नकोत. खडकांवरचा गडद राखाडी, पांढऱ्या गळ्याचा बगळा हा समुद्री बगळा. त्याला सावलीतला पांढरा बगळा समजून वर पांढरा रंग चोपडलेली चित्रं दिसतात.

निळी_होडी

ओल्या पुळणीवर धावणारा कुत्रा काढायचा आहे. प्रतिबिंब आणि सावली दोन्ही दाखवायची का? दोन्ही दाखवली की गोंधळ होतो.

बंदरवाला

दोन्ही असतात, पण नियम वेगळे. प्रतिबिंब पाय टेकलेल्या जागेपासून सरळ खाली येतं, सूर्य कुठेही असो. सावली सूर्याच्या उलट दिशेला तिरपी जाते. ओल्या, आरशासारख्या वाळूवर सावली फार फिकी असते, सुक्या वाळूवर आली की ठळक. ही सीमा चित्रात नीट दिसली की गोंधळ संपतो.

प्रतिबिंब म्हणजे कुत्रा उलटा करून पुन्हा काढणं नव्हे. त्यात खालून बघितल्यासारखं दिसतं: पोट, हनुवटीची खालची बाजू, पंजाचे तळवे जास्त, पाठ कमी. उचललेला पाय जमिनीपासून चार इंच वर असेल तर त्याचं प्रतिबिंब जमिनीच्या पातळीखाली चार इंचांवर सुरू होतं, मध्ये आठ इंचांची फट. धावणारा कुत्रा हवेत आहे हे या फटीवरूनच कळतं, आणि नेमकी तीच बुजवलेली असते. टोनचं म्हणाल तर उजळ अंगाचं प्रतिबिंब जरा गडद, काळ्या अंगाचं जरा फिकं.

आरसा टिकतो लाट मागे सरकल्यावर काही क्षणच. पाणी वाळूत जिरलं की उरते गडद, मंद ओली वाळू, तिथे प्रतिबिंब दाखवायचं नाही. सपाट किनाऱ्यावर, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतरच्या ओहोटीला, ओला पट्टा सगळ्यात रुंद मिळतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे काल संध्याकाळी पाचला मिळालेला पट्टा आज पाचला तसाच नसेल. दोन दिवसांचे फोटो एका चित्रात जोडताना हे सांभाळा.

आंबोळी

बैलांचा पण सांगा कोणीतरी! पुळणीवर लांब शिंगांचे पांढरेशुभ्र बैल काढतत आणि खाली लिहितत 'माझां कोकण'. खिलार आसा तो, देशावरचो.

तांबडी_वाट

अगदी. आपली कोकण कपिला ही गाय-बैलांची जात लहान चणीची, अंग तांबूस, काळं, पांढरं किंवा मिश्र. तांबडा बैल तांबड्या वाटेवर काढायचा तर रंगाने वेगळा होणारच नाही, टोननेच करावा लागतो. बैल सावलीत आणि वाट उन्हात, किंवा उलट. दोन्ही उन्हात ठेवलेत तर कितीही रंग बदला, चिखल होतो.

मागच्या पायाचाही घोळ असतो. मधला जो सांधा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नव्हे, टाच आहे. गुडघा वर पोटाजवळ असतो आणि पुढेच वळतो. सावकाश चालताना क्रम असा: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. उठताना गाय-बैल ढुंगण आधी उचलतात, घोडा पुढचे पाय आधी.

शाईदौत

काळ्या ट्यूबची बाजू घेतो, तांबडी वाट यांनी तिला फारच झोडपलंय. म्हशीसाठी नको, कबूल. पण आयव्हरी ब्लॅकमध्ये यलो ओकर मिसळा, जो शेवाळी हिरवा येतो तसा डबक्याच्या पाण्याला दुसरा रंग नाही. थॅलो ग्रीनने (भडक, गडद हिरव्याने) डबकं रंगवू नका. तो कागदाला डाग धरतो, नंतर पुसून उजळ करता येत नाही.

निळी_होडी

आभार बंदरवाला. फोटोवरून काम करताना म्हशीचं तोंड अवाढव्य आणि मागचं अंग वासरासारखं येतं, त्याला काय उपाय? आणि पावसात कागदाचं काय करता? रंग मध्येच टिपकागदासारखा शोषला जातोय.

सुरूचं_बन

फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. दीड मीटरवरून फोटो काढला की जवळचं मोठं, लांबचं लहान. पाच-सहा मीटर मागे जा आणि दोन-तीनपट झूम करा. उजेडाचं माप म्हशीच्या पाठीवर बोट दाबून घ्या, आभाळ पांढरं झालं तरी चालेल. नाहीतर फोन कूस ठार काळी करतो आणि चित्रातही ती तशीच उतरते. आभाळाचा दुसरा फोटो वेगळा घ्या.

कागदाचं: शोषतोय म्हणजे साइझिंग (कागदाने पाणी लगेच पिऊ नये म्हणून दिलेला लेप, बऱ्याचदा जिलेटिनचा) गेलं. दमटपणात जिलेटिनवर बुरशी धरते, वरून दिसत नाही, वॉश टाकला की ठिपके उमटतात. तो कागद सरावाला ठेवा, दुरुस्त होत नाही. नवीन कागद मे महिन्यातच प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलसकट, घट्ट झाकणाच्या पेटीत जायला हवा. भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. ताणायचा असेल तर पावसाळ्यात गमटेप (ओली करून चिकटवायची कागदी पट्टी) वाळतच नाही, १२ मिमी प्लायवूडवर स्टेपल मारा. पॅनमधले रंग ओले असताना डबी मिटू नका. पाण्याच्या बरणीत लवंग तेलाचा एक थेंब टाकला तर बुरशीला जरा आळा बसतो.

कातळसडा

जांभ्याची माती स्वतः रंगासाठी वापरणाऱ्यांना एक सूचना. खलात कुटा, मलमलच्या कापडातून चाळा, भरपूर पाण्यात ढवळून मिनिटभर थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. खाली राहिली ती रेती, टाकून द्या. ओतलेलं पाणी रात्रभर निवू द्या, वरचं निथळ पाणी काढा. किनाऱ्याजवळची माती असेल तर हे धुणं तीन-चारदा करा. मीठ राहिलं तर चित्र वाळल्यावर पांढरी पूड वर येते, जुन्या भिंतीला लोणा लागतो तशी. उरलेला गाळ सावलीत वाळवा. बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, त्यात मधाचे काही थेंब, यात तो काचेवर घोटा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर बोटाला रंग लागतो, जास्त झाला तर जाड थर तडकतो. आधी एका पट्टीवर लावून बघा. माती रस्त्याच्या कडेची घ्या, शिल्पांच्या सड्यावरची नको.

निळी_होडी

शेवटचा एक. वेळास-आंजर्ल्याकडचं कासव काढायचं तर मागे काय दाखवायचं?

बंदरवाला

वाळू आणि खुणा. बस्स. तिथलं कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले, समुद्री कासव. त्याला जमिनीवरच्या कासवासारखे खांबासारखे पाय देऊ नका, वल्ह्यासारखे पर असतात आणि दोन्ही बाजूंना त्यांचे ठसे पडतात. मोठ्या मादीची पाठ ६० ते ७० सेंटिमीटर, रंग करडा-हिरवट. पाठीच्या मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना बहुधा सहा किंवा जास्त खवले, आणि बऱ्याचदा डावे-उजवे सारखे नसतात, म्हणून ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरी बाजू छापू नका. पिल्लं जवळपास काळपट, तळहातात मावणारी, सुकी वाळू ७ वर ठेवलीत तर पिल्लू ३ वर. फोटो काढायला गेलात तर फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा, पिल्लं उजेडाकडे वळतात. पहाटेचा निळसर उजेड चित्राला तसाही जास्त उपयोगी, खुणांच्या कडा तेव्हाच नीट दिसतात.